जून-जुलैची कोरी जागा

कोकण किनाऱ्यावरच्या माशांवर विद्यार्थ्यांनी केलेले प्रकल्प अहवाल चाळले, तर त्यांत एका प्रकारचा आलेख पुन्हा पुन्हा भेटतो. आडव्या रेषेवर बारा महिने, उभ्या रेषेवर मादीच्या गाबोळीचं वजन तिच्या एकूण वजनाच्या किती टक्के आहे तो आकडा. उन्हाळ्यात रेषा चढू लागते, मे महिन्यात बरीच वर जाते आणि तिथेच तुटते. पुढे काही नाही. पावसाळ्यानंतर ती पुन्हा सुरू होते, तेव्हा खाली आलेली असते. मधल्या काळात, म्हणजे १ जून ते ३१ जुलै, महाराष्ट्राच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. बोट नाही म्हणून मासा नाही, मासा नाही म्हणून आकडा नाही. आणि बांगड्यासारख्या माशाच्या आयुष्यातली सगळ्यांत मोठी घटना याच पावसाळी महिन्यांत घडत असते.

माझ्या पदवीच्या शेवटच्या वर्षीचा आलेख बांगड्याचाच होता. आमच्या सरांचा एक नियम होता: बंदीआधीचा शेवटचा बिंदू आणि बंदीनंतरचा पहिला बिंदू रेषेने जोडायचे नाहीत. संगणकाला हे मुद्दाम सांगावं लागतं, एरवी तो आपणहून सरळ रेघ मारतो. ती रेघ दिसायला सुबक असते आणि वाचणाऱ्याला वाटतं, जून-जुलैत गाबोळीचं वजन संथपणे उतरत गेलं. तसं झालं असेल. किंवा जुलैच्या मध्यापर्यंत ते चढत राहून एकदम कोसळलं असेल. आपण पाहिलेलं नाही. "जे मोजलं नाही ते काढायचं नाही," एवढंच सर म्हणायचे. समुद्री जीवशास्त्राच्या शिक्षणातून मला जे मिळालं, त्यातलं सगळ्यांत मोलाचं या कोऱ्या जागेच्या आसपासच मिळालं. म्हणून पदवीबद्दल लिहायचं तर मला इथूनच लिहायला हवं.

बारावीनंतर महाराष्ट्रात या विषयाकडे जाणाऱ्या वाटा थोड्या आहेत. समुद्री जीवशास्त्र किंवा सागरविज्ञान या नावाची पदवी आपल्या भागात सहसा एम.एस्सी.च्या पातळीवर मिळते आणि त्यासाठी मुलं गोवा विद्यापीठात, कारवारला, कोचीला नाहीतर तमिळनाडूतल्या परंगीपेट्टईला जातात. त्याआधी कुणी प्राणिशास्त्रात बी.एस्सी. करतं, कुणी मत्स्यशास्त्राची चार वर्षांची पदवी घेतं. मी दुसरी वाट धरली. रत्नागिरीजवळ शिरगावला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय आहे, १९८१ सालापासूनचं. मी मिरजेची, वर्गात विदर्भ-मराठवाड्यातलीही पुष्कळ मुलं होती. समुद्री जीवशास्त्र हा तिथे अनेक विषयांतला एक. त्याच्या शेजारी तळ्यातल्या कटला-रोहूची शेती, जाळ्याच्या गाठी, बोटीचं इंजिन, मासळीवर घालायच्या बर्फाचं प्रमाण, हवामान, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र. बाहेरच्या लोकांना ही सरमिसळ वाटते. मला ती आजही योग्य वाटते. बांगडा हा एक जीव आहे आणि त्याच वेळी कुणाच्या तरी घरातला त्या दिवसाचा पैसा आहे. यातलं एकच शिकलेला माणूस बंदरावर उभा राहिला की अर्धंच पाहतो.

शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होतं. म्हणजे आम्ही समुद्र शिकायला आलो तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून, झापांनी शाकारून ठेवलेल्या होत्या, मिरकरवाड्याच्या जेटीवर बोटी एकमेकींना बांधून उभ्या होत्या आणि बाजारात सुकट, सुके बोंबील आणि खारवलेला बांगडा. ओहोटीची खडकाळ जागा पाहायची तीही लाटा निवळल्यावर. प्रयोगशाळेत बरण्या होत्या. फॉर्मेलिनमधले मासे पांढुरके पडतात, त्यांचे रंग जातात, पण पराच्या काट्यांची संख्या, खवल्यांची रांग, कल्ल्यांची ठेवण या गोष्टी टिकतात. फ्रान्सिस डे या माणसाने १८७५ ते १८७८ या काळात 'द फिशेस ऑफ इंडिया' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातली चित्रं समोर ठेवून आम्ही काटे मोजत बसायचो. बांगड्याचं तोंड उघडलं की आत कल्ल्यांच्या कमानीवरचे लांब, दाट केसर दिसतात. पाण्यातले बारीक जीव गाळून घेण्याचं काम ते करतात. ते पाहिलं की बांगडा काय खातो याचा अंदाज पोट फाडण्याआधीच बांधता येतो.

पाऊस ओसरल्यावर खडकांवर जाणं सुरू झालं आणि त्याबरोबर तिथींचा हिशोब. भरती-ओहोटीचे छापील तक्ते आम्हाला दिलेले होते, पण भाट्याच्या एका आजोबांनी शिकवलेली रीत मी अजून वापरते. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा. त्याच्या सहा तास आधी, सव्वापाचच्या सुमाराला, पाणी सगळ्यांत मागे गेलेलं. चंद्र रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येतो, त्याला पाऊण तास धरलेला आहे, शास्त्र तेच. म्हणून उधाणाच्या दिवसांत पहाटे अंधारात निघायचं आणि उजाडता उजाडता सर्वांत खालच्या पट्ट्यात पोचायचं. वरच्या कोरड्या खडकावर बारीक शंखांच्या गोगलगाई, त्याखाली खडकाला घट्ट बसलेले बार्नेकल, मग कालवं, त्याखाली हिरवी उल्वा, पंख्यासारखी पसरलेली पॅडिना, सरगॅसम आणि कपारीत समुद्रफुलं. हाताच्या अंतरावर वस्ती बदलते. कोण किती वेळ पाण्याबाहेर तग धरू शकतो आणि खाली उतरल्यावर कोण त्याला खातो किंवा त्याची जागा बळकावतो, यावर ते पट्टे ठरतात. एक मीटर लांबी-रुंदीची चौकट खडकावर टाकायची आणि आतलं सगळं मोजायचं. पाणी परत चढेपर्यंतच वेळ असतो, त्यामुळे बोलणं आपोआप बंद होतं.

बांगड्याचं काम मात्र जेटीवरून सुरू व्हायचं. सकाळी लवकर मिरकरवाड्याला जाऊन नमुना विकत घ्यायचा. एकाच आकाराचे छान मासे निवडून घेतले तर सगळा हिशोब खोटा पडतो; टोपलीत जसे येतील तसे घ्यावे लागतात, लहान-मोठे, दबलेले. विकणाऱ्या बायांना याचं फार आश्चर्य. चांगला माल बाजूला काढून देत असताना ही मुलगी म्हणते, नको, सरसकट द्या. एक मावशी तर रोज विचारायच्या, "काय गो बाय, पोट फाडून काय बघतंस ता सांग तरी." मी सांगितलं. गाबोळी किती भरली ते बघते. त्यावर त्यांनी मला कोणत्या महिन्यात बांगडा गाबोळीवर येतो, तारलीला तेल कधी सुटतं, पहिल्या पावसानंतर काय लागतं हे सगळं सांगितलं. तारली ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेलकट असते हे मी पुस्तकात वाचलेलं होतं. मावशींना ते तव्यावरून माहीत होतं, आणि वर्षावर्षांतला फरकही माहीत होता, जो माझ्या पुस्तकात नव्हता.

प्रयोगशाळेत माशाची लांबी मिलिमीटरमध्ये, वजन ग्रॅममध्ये, मग पोट उघडायचं. अंडाशयाचे टप्पे ठरलेले असतात. सुरुवातीला ते पातळ, काचेसारखं पारदर्शक असतं. मग पिवळट होतं, नुसत्या डोळ्यांना दाणे दिसू लागतात, पोटाची पोकळी भरत जाते. शेवटी पक्व अंडी पुन्हा पारदर्शक होतात. अंडी घालून झाल्यावर ते सैल, रक्ताळलेलं, रिकामं दिसतं. बांगड्याच्या एकाच अंडाशयात वेगवेगळ्या आकारांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली सापडतात, म्हणजे तो सगळी अंडी एकदम घालत नाही, हप्त्याहप्त्याने घालतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. समुद्र दर वर्षी सारखा नसतो. पाऊस लवकर आला, वारा उशिरा फिरला, पिल्लांना लागणारे प्लवक त्या आठवड्यात झालेच नाहीत, तर एक खेप वाया जाते. दुसरी तरते.

पिल्लांचं अन्न समजावं म्हणून प्लवकांचा अभ्यास होता. बारीक जाळीचं शंकूच्या आकाराचं जाळं पाण्यातून ओढायचं, तळाच्या बाटलीत जमलेलं गढूळ पाणी आणायचं, त्यातलं एक मिलिलिटर हजार चौकोन आखलेल्या काचेच्या कोठडीत घालून मोजायचं. पहिल्यांदा सगळं सारखं दिसतं. हळूहळू कोपेपॉड वेगळे दिसू लागतात, खेकड्याची काटेरी झोइया पिल्लं, शिंपल्यांची फिरत्या केसांची पिल्लं, कॉसिनोडिस्कससारखे गोल डायटम. तारलीचा आणि फ्रॅजिलेरिया नावाच्या डायटमचा संबंध आपल्या शास्त्रज्ञांनी १९५०च्या दशकातच दाखवला होता: तो डायटम भरपूर असला की केरळच्या किनाऱ्यावर तारलीही भरपूर. अशी कामं असंख्य तासांच्या मोजणीतून उभी राहतात, आणि त्या मोजणीचा थोडासा भाग पदवीच्या वयात स्वतःच्या डोळ्यांनी केला असला की पुढे कुठलाही आकडा वाचताना त्यामागचे श्रम दिसतात.

मोजणीतली आणखी एक मर्यादा जेटीवरच कळली. माझ्याकडे येणारे मासे समुद्राने पाठवलेले नसायचे, जाळ्याने निवडलेले असायचे. गिलनेटच्या आसात ठरावीक घेराचा मासा अडकतो. लहान निसटतो, फार मोठा त्यात डोकं घालूच शकत नाही. पर्ससीनमध्ये अख्खा थवा वेढला जातो, त्यात सगळे आकार येतात. त्यामुळे एका महिन्यात गिलनेटचा आणि दुसऱ्या महिन्यात पर्ससीनचा नमुना घेऊन बांगडा वाढला की घटला हे बोलता येत नाही. महाराष्ट्रात २०१६ साली पर्ससीनवर कडक निर्बंध आले, त्यावरचे वाद आजही संपलेले नाहीत. दोन्ही बाजूंचे लोक आकडे पुढे करतात. मला दर वेळी आधी विचारावंसं वाटतं, हे मासे कोणत्या जाळ्यातले?

मग बंदी लागायची आणि बांगडा हातातून जायचा.

जून-जुलैत आमच्या हाती उरायची ती खाडी. काजळी नदी भाट्याजवळ समुद्राला मिळते. पावसात तिथे ओहोटीच्या वेळी वरचं पाणी जवळजवळ गोडं होतं आणि खाली जड, खारं पाणी शिल्लक असतं. क्षारता मोजायच्या नळीतून पाहिलं तर एकाच जागी, वर आणि तळाशी, दोन वेगळ्या दुनियांचे आकडे मिळतात. समुद्रात अंड्यांतून बाहेर आलेली कोळंबीची पिल्लं खाडीत शिरतात, कांदळवनाच्या मुळांशी वाढतात आणि मोठी होऊन परत समुद्रात जातात. म्हणजे बोटी बंद असताना समुद्रातल्या विणीचा काही भाग आपल्या दारातून, गुडघाभर पाण्यातून जात असतो. छोट्या जाळीने ती पिल्लं पकडायची, मोजायची, सोडून द्यायची. चिखलात निवट्या उड्या मारत असतात. भर पावसात, इरल्याखाली वही धरून हे करण्यात मला जो आनंद मिळाला, तसा वर्गात क्वचितच मिळाला.

पाण्यातला प्राणवायू मोजण्याची विंकलरची पद्धत १८८८ सालची आहे आणि अजून शिकवली जाते, शिकवलीच पाहिजे. काचेच्या बुचाची बाटली पाण्याने काठोकाठ भरायची, एकही बुडबुडा राहता कामा नये. मग मँगनीजचं द्रावण, त्यामागून अल्कली आणि आयोडाइड. प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. तो जितका गडद, तितका प्राणवायू जास्त. आम्लात साका विरघळवला की सोनेरी रंग येतो आणि थायोसल्फेटच्या थेंबांनी तो उतरवत न्यायचा. स्टार्चमुळे निळा झालेला रंग एका थेंबाने नाहीसा होतो, तो थेंब ओळखायचा. आणि पाण्यात प्राणवायू नसेलच, तर साका पांढरा राहतो. यंत्राच्या पडद्यावर शून्य वाचणं वेगळं आणि पांढरा साका पाहणं वेगळं.

प्राणवायू संपलेलं पाणी ही आमच्या किनाऱ्याच्या दृष्टीने खरीखुरी गोष्ट आहे. गोव्याच्या दोना पावलाला १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ कांदोळीच्या समोर समुद्रातल्या ठरावीक जागी १९९७ पासून पुन्हा पुन्हा जाऊन पाणी तपासत आले आहेत. त्यातून दिसलं ते असं: पावसाळ्यात नैर्ऋत्य वाऱ्यांमुळे खोल समुद्रातलं थंड, पोषक द्रव्यं भरपूर असलेलं पण प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं. त्यावर पावसाचं आणि नद्यांचं हलकं पाणी थर धरून बसतं, वरचा प्राणवायू खाली पोचू देत नाही. तळाशी कुजणं चालू राहतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत तिथला प्राणवायू जवळजवळ संपतो. म्हणजे ज्या ऋतूत अन्नाची समृद्धी येते, त्याच ऋतूत तळाशी गुदमर असते. एका जागी चिकाटीने जात राहिल्याशिवाय हे कुणालाही कळलं नसतं. विद्यार्थ्यांना मोठमोठ्या सफरींची स्वप्नं दाखवण्याआधी कांदोळीची ही गोष्ट सांगायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

खाडीत आणखी एक शिक्षण व्हायचं. ओहोटीला बाया मुळे आणि तिसऱ्या हे शिंपले काढायला उतरायच्या. पूर किती दिवस राहिला की मुळे तोंडं उघडून मरतात, कोणत्या बाजूचे आधी मरतात, पुढच्या हंगामात पिल्लं कुठे बसतात, हे त्यांना पायांनी चाचपून माहीत होतं. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही नमुन्याच्या जागा बदलल्या आणि नोंदी अधिक बोलक्या झाल्या. अहवालाच्या शेवटी त्यांचे आभार मानलेले असतात, एका ओळीत, 'स्थानिक मच्छीमार' म्हणून. हे मला तेव्हाही कमी वाटलं होतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बोटी सुटल्या की आम्ही जेटीवर धावायचो. त्या दिवसांतल्या बांगड्यांत रिकाम्या अंडाशयाच्या माद्या असायच्या, काही अजून भरलेल्याही. सप्टेंबरात बोटभर लांबीची पिल्लं दिसायला लागायची. आणि इथे मला या विषयातली सगळ्यांत सुंदर वाटणारी गोष्ट भेटली. माशाच्या कानात कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक खडे असतात, ओटोलिथ. १९७१ साली जॉर्जियो पॅनेला यांनी दाखवलं की त्यांवर रोज एक वलय पडतं. बांगड्याचा हा खडा काही मिलिमीटरचा, पटकन मोडणारा. तो रेझिनमध्ये बसवून झिजवत न्यायचा, केंद्र दिसेपर्यंत. पहिलं वलय जन्मानंतर कधी पडतं, त्या जातीत ते खरोखर रोज पडतं का, हे आधी तपासावं लागतं. पण ते झालं की सप्टेंबरमध्ये पकडलेल्या पिल्लाच्या कानात सत्तर वलयं मोजून आपण मागे जुलैत पोचतो. बोटी बांधलेल्या असताना, वादळी पाण्यात कोण केव्हा जन्मलं, याची नोंद त्या पिल्लाने स्वतः ठेवलेली असते. प्रशिक्षणाच्या काळात एका संशोधन संस्थेत मी हे काम पाहिलं, थोडं हाताने केलं. माझ्या आलेखातली रेषा त्यामुळे जोडली गेली नाही. गाबोळीचं वजन वलयांतून कळत नाही. पण त्या महिन्यांबद्दल विचारण्याची दुसरी रीत असते, हे कळलं.

पदवीनंतर मी मासळीच्या नोंदींच्या कामाला लागले. वर्गातले काही जण कोळंबीच्या हॅचरीत गेले, काही निर्यातीच्या कारखान्यांत, काही शासनाच्या मत्स्यव्यवसाय विभागात, काही बँकांत. पालक फोन करून नोकऱ्यांबद्दल विचारतात तेव्हा मी हेच सांगते, आणि हेही सांगते की मुलाला उलटी, वास, पहाट आणि मोजणीचा कंटाळा यांपैकी काय सोसत नाही ते आधी विचारा. माझं काम म्हणजे बंदरावर ठरलेल्या दिवशी ठरलेल्या पद्धतीने बोटी निवडून त्यांच्यावरची मासळी जातवार लिहिणं, काहींची लांबी घेणं, तांडेलांना किती तास, किती वाव पाण्यात, कोणतं जाळं हे विचारणं. प्रत्येक बोट मोजता येत नाही. निवडलेल्या बोटींवरून महिन्याचा अंदाज बांधला जातो. निवड प्रामाणिक असली तरच अंदाजाला अर्थ असतो.

पदवीच्या रचनेत एक बदल व्हावा असं मला मनापासून वाटतं. उन्हाळ्याच्या सुट्ट्या, परीक्षा, प्रवेश यांची गर्दी मे ते ऑगस्टमध्ये होते आणि बहुतेक विद्यार्थी नेमके तेव्हाच किनाऱ्यावर नसतात. मासेमारी बंदी यांत्रिक नौकांना आहे. खाडीत पाग टाकणारे, बिगर यांत्रिक होडीतून किनाऱ्यालगत जाळं मारणारे पारंपरिक मच्छीमार त्या काळातही थोडीफार मासळी आणतात. त्यांच्याकडून रोख पैसे देऊन नमुने घेता येतील. मुळे काढणाऱ्या बायांना मानधन देऊन, नावानिशी, शिकवायला बोलावता येईल. त्यासाठी जहाज लागत नाही, मोठी यंत्रं लागत नाहीत. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प जूनमध्ये सुरू करायची मुभा आणि थोडा निधी लागतो.

गेल्या वर्षी शेवटच्या वर्षातली एक मुलगी माझ्याकडे बांगड्याचे जुने आकडे मागायला आली. आकडे मी दिले, आणि विषय थोडा वाढवून खाडीतल्या कोळंबीच्या पिल्लांचाही घे असं सुचवलं. तिला पाग टाकणाऱ्या काकांकडे घेऊन गेले, दर नमुन्याचे किती पैसे द्यायचे ते तिघांनी बसून ठरवलं. ज्येष्ठ अमावास्येपासून दर उधाणाला पाणी आणि पिल्लं, दोन्ही, वरून आणि तळातून, असं तिच्या वहीत लिहून दिलं. तिने विचारलं, पाऊस फार असला तर? काका म्हणाले, "फार असला तर नदीच्या तोंडाशी नको, आतल्या वळणाला ये. तिथे दिवसभर असतो मी."